लंगड्या कालवडीची जास्तीची मात्रा

डेटन, ओहायो
२ एप्रिल २००९

लेनोरा,

हे अक्षर बघून घाबरू नकोस. एखादी कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून फिरली असं वाटेल. ती कोंबडी मीच. हाताचे व्यायाम घ्यायला येते ती मुलगी म्हणाली, मिसेस एकर्स, रोज एक पान लिहा, कुणालाही लिहा. मी तुला निवडलं, कारण कॉलेजात पोरांचे पेपर वाचून वाचून तुला कसलंही अक्षर लागत असेल. फक्त लाल पेन लांब ठेव.

फोन का करत नाही विचारशील. एका कानानं मला आधीच कमी ऐकू येतं, म्हणून ट्विला फोन मोठ्या आवाजावर लावते. म्हणजे माझं खाजगी ते सगळ्या घराचं. मुलगी चांगली आहे गं माझी, पण तिच्या घरात गालिचे फार. पाय आपटून ताल धरला तरी आवाज येत नाही.

अर्धांगाचा झटका हलका होता म्हणे. डॉक्टरांना हलका असेल. उजव्या हाताची चार बोटं परत आली. अंगठा येतो, पण पाहुण्यासारखा, सगळे जेवून उठल्यावर. परवा हे लोक चर्चला गेले तेव्हा पलंगाखालून बॅंजो काढला. नखानं तार मारली, ती बरी वाजली. पण आखूड तार अंगठ्याची. तो तिथवर पोचेपर्यंत चाल पुढच्या गावाला गेलेली. परत खाली सरकवून ठेवला.

तुझा होबार्टकाका तिकडे घरून दर रविवारी फोन करतो. आधी हवा, मग गाई, मग परत हवा. तो जेवतो का नीट? गुरुवारच्या वाजवायच्या बैठकीला जातो का? मी विचारलं हे सांगू नकोस त्याला, लगेच शेफारतो.

आणि तुझं फिडल काय म्हणतंय? तू शिकायला लागलीस तेव्हा तुझं मांजर शेजारच्या गोठ्यात राहायला गेलं होतं. ते परत आलं का?

मावशी


सॉरेल गॅप, व्हर्जिनिया
११ एप्रिल

प्रिय मावशी,

लाल पेन हातात घेतलं होतं, हे कबूल करते. मग लाज वाटली आणि ठेवून दिलं. अक्षर तसं वाईट नाही. दुसऱ्या परिच्छेदापासून सुधारत गेलंय.

मांजर परत आलंय. मी फिडलची पेटी उघडली की ते उठून बाहेर जातं, पण पूर्वीसारखं पळत नाही. मी याला प्रगती समजते.

शनिवारी काकांकडे गेले होते. ते चुलीपाशी उभे राहून पातेल्यातूनच पिंटो बीन्स खात होते. म्हणाले, बशी घेतली की बशी घासावी लागते. कॉर्नब्रेड स्वतः केला होता. खालून जळालेला. मला दोनदा वाढला. फिडलच्या पेटीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता आणि वरचं वर्तमानपत्र फेब्रुवारीतलं होतं. गुरुवारी का येत नाही विचारलं, तर म्हणाले, गवत कापायचं यंत्र दुरुस्त करायचंय. एप्रिलमध्ये कसलं गवत, मावशी? मी पातेलं घासून ठेवलं. बोलायला हवं होतं का, याचा विचार घाट उतरेपर्यंत केला.

आता माझी बातमी. बंबवाल्यांच्या फायर हॉलमधल्या बैठकीला मी 'लंगडी कालवड' शिकवते आहे. तुम्ही दोघं वाजवता अगदी तशीच, दुसऱ्या भागातल्या त्या जास्तीच्या मात्रेसकट. बाकी सगळ्या गावांत ही चाल सरळ वाजवतात, हे मी तीन जत्रांमध्ये तपासलंय. फक्त तुमच्याच वाजवण्यात ती तिथे क्षणभर अडखळते. मला वाटतं, ते कालवडीचं लंगडणं आहे. तीन पाय नीट पडतात आणि चौथ्याला वेळ लागतो. म्हाताऱ्या रॅटलिफनी काकांना फिडल शिकवताना हीच जुनी रीत दिली असणार आणि बाकीच्यांनी ती सोयीसाठी गुळगुळीत करून टाकली. गेदरला गिटारवर ती मात्रा पकडायला तीन गुरुवार लागले. तो म्हणतो, पाच वर्षं टपाल वाटलं तेव्हाही कुठल्या दाराशी इतकं थांबलो नव्हतो.

पण माझी खात्री नाही. माझ्या स्वभावाला धरून मी हे फळ्यावर आकृती काढून समजावलं, आणि घरी आल्यावर वाटलं, आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट आपण फळ्यावर लिहिली. तू सांगशील का, ती मात्रा कुठून आली?

ऑगस्टच्या फिडलवाल्यांच्या मेळ्यात, नेहमीच्या मॅपलखाली, आम्ही सगळे ती तुझ्यासोबत वाजवू. काका तुझी खुर्ची घेऊन येतील.

तुझी
लेनोरा


डेटन
२६ एप्रिल

लेनोरा,

लंगडं जनावर. फळ्यावर आकृती. मी इतकी हसले की ट्विला पाण्याचा पेला घेऊन धावत आली, तिला वाटलं दुसरा झटका. कॉलेजात शिकलेल्या माणसाला साधं भोक दाखवलं तरी तो म्हणतो, इथे कुणीतरी खिडकी ठेवली होती. ती मात्रा कुठून आली ते तुझ्या काकाला विचार. मी त्यावर बोलायची नाही.

आता नीट वाच. मी ऑगस्टमध्ये वाजवणार नाही. येणारच नाही. अंगठा आहे तिथेच आहे. गेदर बॅंजो घेऊन आमच्यात यायचा तेव्हा त्याला सगळ्यांसमोर कोण म्हणालं होतं ठाऊक आहे ना? मीच. म्हटलं, गेदर, ज्याला वेळ सांभाळता येत नाही त्यानं गोलातली खुर्ची अडवू नये. बिचाऱ्यानं गिटार घेतलं. आता माझा अंगठा अडला म्हणून नियम बदलू? फिडल नाचत असतं गं, त्याला जमिनीवर धरून ठेवतो तो बॅंजो. आयुष्यभर होबार्टला मी धरलं. आता मी लोंबकळत राहणार आणि तो मला ओढत नेणार, आणि सगळं गाव कौतुकानं बघणार की म्हातारी अजून वाजवते. ते कौतुक नको मला.

बॅंजो तू घे. तुझ्या घरात भिंतीवर एक चांगला खिळा ठोक आणि टांगून ठेव. जुलैत ट्विला तिकडे येणार आहे, तिच्याबरोबर पाठवते. तुझ्या काकाला एवढंच सांग की मावशीला प्रवास झेपत नाही.

मावशी


सॉरेल गॅप
१७ मे

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला, कारण परीक्षा होत्या. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं कारण असं की तुझं पत्र मी चारदा वाचलं आणि प्रत्येक वेळी तुझ्याशी भांडावंसं वाटलं.

खिळा ठोकला नाही. आमची भिंत कच्ची आहे. नाही, हेही खोटं आहे. भिंत पक्की आहे.

काकांना मी तुझा निरोप दिला, प्रवास झेपत नाही एवढाच. ते "बरं" म्हणाले आणि कुंपणाची तार ओढत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, ती खुर्ची तिला बसायला उंच पडते म्हणून असेल, खुर्चीचे पाय कापून आणखी बुटकी करून देतो. मी म्हटलं, काका, बुटकी खुर्ची प्रवासाला कशी उपयोगी पडेल. ते म्हणाले, तिला ते कळेल.

मग मी तळलेल्या सफरचंदाच्या करंज्या करून त्यांना गुरुवारी फायर हॉलवर ओढून आणलं. आम्ही सगळे नटूनथटून बसलो होतो म्हण. मी म्हटलं, काका, 'लंगडी कालवड' सुरू करा, आम्ही तुमच्याकडूनच शिकलोय. त्यांनी सुरू केली. पहिला भाग छान गेला. दुसऱ्या भागात ती जागा आली, आम्ही सगळे एका मात्रेसाठी थांबलो आणि काका सरळ पुढे निघून गेले. मागे गिटार, मँडोलिन, तीन बॅंजो आणि मी, सगळे एकमेकांवर आपटलो. काकांनी गज खाली घेतला आणि विचारलं, "तुम्ही कुठं थांबलात? कुणी दार वाजवलं का?"

गेदर म्हणाला, होबार्ट, तूच तिथे थांबतोस की रे, आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. काका हसले नाहीत. मला बाहेर बंबाच्या गाडीपाशी घेऊन गेले आणि त्या मात्रेचं कारण सांगितलं. वर तुझं नाव घेऊन म्हणाले, व्हर्डीला सांगायचं नाही.

म्हणून मी सांगत नाही. वरती खोडलेल्या तीन ओळी आहेत, त्या उजेडासमोर धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस. मी नीट गिरवून खोडल्या आहेत.

बैठकीला आता सरळ चाल शिकवायला घेतली, पण उपयोग नाही. त्या जागेवर हात आपोआप थांबतात. मी सोळा जणांना खोड लावून ठेवली आहे.

तू ये, मावशी. वाजवू नकोस हवं तर.

लेनोरा


डेटन
२९ मे

लेनोरा,

उजेडासमोर धरलं. काही दिसलं नाही. गिरवतेस छान.

होबार्टनं तुला बंबाच्या गाडीपाशी नेऊन काहीतरी सांगितलं? तो माणूस लग्नाची मागणी घालायला माझ्या वडिलांकडे आला तेव्हासुद्धा पाऊण तास खेचराबद्दल बोलला होता. मागणी शेवटी मीच बोलून दाखवली. आणि तुला तो बाजूला घेऊन कारणं सांगतो. काय म्हणाला ते लिही. मी तुझ्या आईची थोरली बहीण आहे, आणि तुला पहिल्यांदा केस विंचरायला मी शिकवलं.

आणि खुर्चीला हात लावायचा नाही म्हणावं. आहे तेवढी बुटकी पुरे.

यायचं मात्र विचारू नकोस परत. बॅंजो पेटीत घालून पट्टे आवळले. ट्विला ४ जुलैच्या सुट्टीत घेऊन येईल. अक्षर सुधारलं ना? अंगठा पेनाला टेकायला लागलाय. टेकतो नुसता, कामाचा नाही.

मावशी


सॉरेल गॅप
२१ जून

प्रिय मावशी,

मी तीन आठवडे विचार केला. वचन मोडणं चूक आहे, यात मला शंका नाही. पण वचन पाळल्यामुळे तू गोलाबाहेर बसणार असशील, तर मी कुणाचं भलं करते आहे हे मला सांगता येत नाही. रोजवहीत मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. शेवटी लक्षात आलं की मांडामांड हा माझा न करण्याचा बहाणा आहे. तेव्हा लिहिते. यानं तुला वाईट वाटलं तर दोष माझा. काकांचा नाही.

काका म्हणाले, "चालीत ती मात्रा नाहीच. ती व्हर्डीची आहे. त्या जागेवर तिला अंगठा आखूड तारेवरून खाली आतल्या तारेवर आणावा लागतो आणि तो थोडा उशिरा पोचतो. लग्नाच्या आधीपासून. म्हणून मी गज धरून ठेवतो. तिला वाटतं, चालच तशी आहे."

मी विचारलं, एकदाही सांगितलं नाहीत? ते म्हणाले, सांगायचं काय त्यात, एका मात्रेला असा किती वेळ लागतो.

मावशी, तुला तुझ्या तालाचा किती अभिमान आहे ते मला माहीत आहे. म्हणूनच हे लिहायला हात अडखळला. पण मला यात लाजिरवाणं काही दिसत नाही. उलट तुझा अंगठा आज उशिरा येतो म्हणून तू खुर्ची सोडते आहेस, आणि तुझ्याशेजारी एक माणूस आहे ज्याच्या हाताला त्या उशिराची आधीपासून सवय आहे. तो आजही थांबेल. तेवढंच मला म्हणायचं होतं.

खिळा ठोकला. तू सांगितलंस म्हणून. रोज जाता-येता त्याच्याकडे पाहते आणि तो रिकामाच राहो असं वाटतं.

लेनोरा


सॉरेल गॅप
१२ जुलै

प्रिय मावशी,

ट्विला आली आणि गेली. बॅंजो आणला नाही. विचारलं तर म्हणाली, आईनं दिला नाही, आणि ती कुणाशी बोलतही नाही, नुसती खिडकीपाशी बसून मांडीवर बोटं आपटत असते. ट्विलाला काळजी वाटते आहे. मला तर त्याहून जास्त.

मी लिहायला नको होतं. एक ओळ पाठव, शिव्यांची पाठवलीस तरी चालेल.

लेनोरा


डेटन
१९ जुलै

लेनोरा,

शिव्या तुला नाहीत. त्या म्हाताऱ्याला आहेत, आणि त्या मी समोर उभी राहून देणार आहे.

माझा अंगठा उशिरा येतो? माझा? पोरी, मी तीन आठवडे खिडकीपाशी बसून सगळं आयुष्य परत मोजलं. आता तू ऐक. लग्नाच्या आधीच्या हिवाळ्यात होबार्टचं डाव्या हाताचं करंगळीचं बोट गोठ्याच्या फाटकात चिरडलं. ते वाकडंच बरं झालं, तू पाहिलंयस. 'लंगड्या कालवडी'च्या दुसऱ्या भागात त्याला तेच बोट पसरून वरचा सूर घ्यावा लागतो, आणि ते पोचायला वेळ लागतो. पहिल्यांदा आम्ही एकत्र वाजवलं तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. म्हटलं, पोरगा बरा आहे, बिचाऱ्याला लोकांसमोर खाली बघायला नको. मी एक ठोका जास्तीचा मारला, त्याचं बोट पोचू दिलं आणि मग पुढे निघाले. तेव्हापासून मारतेय. थांबत होते मी. तो नाही.

कळलं का तुला काय झालं ते? तो माझ्यासाठी थांबला, मी त्याच्यासाठी थांबले. दोघंही वेळेवर पोचलो होतो आणि एकमेकांची वाट बघत उभे होतो. आणि तू ती जागा फळ्यावर काढून सोळा माणसांना शिकवलीस.

मी येते आहे. वाजवायला नाही, दाखवायला. एकदाच, त्या झाडाखाली, त्या जागेवर मी थांबायची नाही. सरळ निघून जाईन आणि बघेन करंगळी कुठे राहते. अंगठ्यानं एवढं एक काम करावं, मग खुशाल झोपावं. रोज सकाळी गालिच्यावर बसून सराव करते. ट्विला म्हणते, आई, आराम कर. म्हटलं, आराम करूनच इथपर्यंत आले.

होबार्टला यातलं अक्षर कळता कामा नये. तुला गुपितं पाळता येत नाहीत हे मला आता माहीत आहे, पण ऑगस्टपर्यंत तोंड शिवून ठेव.

मावशी


सॉरेल गॅप
२ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तोंड शिवलंय. काका रोज नवीन बहाणा काढून विचारतात, ती कशी येणार, किती वाजता, जेवून की न जेवता. पेटीवरची वर्तमानपत्रं गेली. खुर्चीचे पाय कापायला निघाले होते, मी करवत लपवली.

आणि आता वाईट बातमी. मेळ्याच्या शनिवारीच आमच्या कॉलेजनं शिक्षकांची बैठक ठेवली आहे. मी रजा मागितली, मिळाली नाही. सगळं जुळवून आणलं आणि मीच तिथे नसेन. यात काही न्याय आहे असं मला आतून वाटतं, पण तो नेमका कुठल्या गोष्टीचा ते ठरवता येत नाही.

गेदरला मी सांगितलंय, मावशीला वाटेल तशी चाल वाजवू दे. पण बैठकीतल्या मंडळींचे हात सरळ जातील याची हमी तो देत नाही.

काय झालं ते लिहिशील?

लेनोरा


घरून, वरच्या खोऱ्यातून
१० ऑगस्ट

लेनोरा,

तुझं घर अकरा मैलांवर आहे आणि मी तिकीट लावून पत्र पाठवते आहे. कारण फोन स्वयंपाकघरात आहे आणि होबार्टही तिथेच बसलाय, कॉर्नब्रेड जाळत.

शनिवारी सगळे मॅपलखाली होतो. गेदर, त्याची पुतणी, तुझी ती सोळा जणं. होबार्टनं खुर्ची आधीच मांडून ठेवली होती, त्याच्या उजव्या हाताला, नेहमीच्या जागी. मला हात धरून वगैरे बसवलं नाही. नुसतं म्हणाला, आलीस का, तार उतरलीय तुझी. मी म्हटलं, माझी तार माझी मी बघेन.

दोन-तीन सोप्या चाली झाल्या. अंगठा येत होता, जात होता. मग मीच म्हटलं, 'कालवड' घ्या.

पहिला भाग गेला. दुसरा भाग आला आणि ती जागा आली. मी ठरवल्याप्रमाणे थांबले नाही. सरळ निघाले. आणि लेनोरा, अंगठा आलाच नाही. मी त्याला बोलावलं, खरंच बोलावलं गं आतून, आणि तो नव्हता. माझी तार मुकी. मला वाटलं, झालं, आता सगळे पुढे जातील आणि मी इथे एकटी राहीन, आणि गेदर माझ्याकडे बघेल, आणि बघायचा त्याला हक्कही आहे.

कुणीच पुढे गेलं नाही. होबार्टचा गज तारेवर उभा होता. गेदरचा हात वर थांबला होता. तुझी सोळाच्या सोळा जणं, तू शिकवल्याप्रमाणे, तिथे थांबली होती. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, कारण त्यांच्या मते तिथे थांबायचंच असतं. चाल तशीच आहे. मग माझा अंगठा आला, आपल्या सवडीनं, आणि त्यानं तार मारली, आणि सगळे एकदम पुढे निघाले.

तुझ्या लंगड्या जनावराला मी हसले होते. ते परत घेते.

दुसऱ्या फेरीला मी होबार्टच्या करंगळीकडे बघितलं. तीही आता उशिरा येते. खरीच येते, मी काही बोलले नाही.

मग चाल फिरत राहिली. संपवायची तर फिडलवाल्यानं पाय उचलायचा असतो, हे तुला ठाऊक आहे. सगळे होबार्टच्या बुटाकडे बघत होते आणि बूट जमिनीवरच. फेरीवर फेरी. तंबूंतली माणसं येऊन उभी राहिली. गेदरची बोटं सोलली असणार. मला घाम फुटला होता आणि अंगठा प्रत्येक वेळी उशिरा, पण प्रत्येक वेळी येत होता. शेवटी मी वाजवता वाजवताच म्हटलं, "म्हाताऱ्या, पाय उचलतोस का नाही?"

तो म्हणाला, "तू दमेपर्यंत थांबलोय."

मी म्हटलं, मी दमले नाही. तो म्हणाला, बरं. आणि आणखी एक फेरी घेतली.

गुरुवारी फायर हॉलवर येते. माझ्यासाठी उजव्या बाजूची जागा ठेवायला सांग, आणि चाल आहे तशीच राहू दे. कुणाला सरळ करायला घेऊ नकोस.

मावशी

ता. क. तो खिळा उपटू नकोस, भिंतीला भोक राहील. त्यावर तुझं फिडल टांग अधूनमधून. मांजराला तेवढी विश्रांती.